त्रिकोणी डोंगर

घरातील एखाद्या मुलापुढे कोरा कागद ठेवून ‘देखावा काढ पाहू’ असे म्हणावे आणि आपण खुशाल पाठ फिरवून बसावे. कागदावर काय उमटणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. टोकदार त्रिकोणाचे दोन डोंगर. त्यांच्या खाचेत अर्धा सूर्य आणि त्याला दंताळ्याच्या दातांसारखे किरण. त्याच खाचेतून निघून कागदाच्या तळापर्यंत रुंदावत आलेली नदी. काठावर उतरत्या छपराची झोपडी, तिच्याशेजारी वाकलेला नारळ, आणि आकाशात चार पक्षी, चारही एकाच साच्यातले. रत्नागिरीचे मूल हेच काढते, नागपूरचे हेच काढते, आणि ज्याने जन्मात नारळाचे झाड पाहिलेले नाही ते बीडचे मूलही हेच काढते. आपण ‘वा, छान!’ म्हणतो आणि चहाकडे वळतो. ह्या ‘छान’ शब्दाविरुद्ध मला आज तक्रार करावयाची आहे.

तीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकविणाऱ्या माणसाने चित्रकलेत नाक खुपसावे हा आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्या प्रसंगामुळे मी लिहावयास बसलो त्यात मी नुसता प्रेक्षक नव्हतो, अपराध्यांपैकी एक होतो. आणि अपराध्याला निदान जबानी देण्याचा अधिकार असतोच.

कन्नड तालुक्यातील पिशोर ह्या गावी तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शाळकरी मुलांच्या चित्रस्पर्धेचा परीक्षक म्हणून मला जावे लागले. विषय होता ‘आमचा परिसर’. पिशोर हे कापसाचे, मक्याचे, अद्रकाचे गाव; सातमाळा-अजिंठा रांगेच्या कुशीत, अंजना नदीच्या खोऱ्यात वसलेले. ज्या खोलीत आम्ही चित्रे तपासावयास बसलो तिच्या खिडकीतून डोंगर समोर दिसत होता. टेबलावर साठ-सत्तर चित्रे पडली होती, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात दोन त्रिकोण, मध्ये सूर्य, खाली नदी. खिडकीतला डोंगर एकाही त्रिकोणासारखा नव्हता. त्याचा माथा सपाट होता. एखाद्या प्रचंड ओट्यासारखा तो आडवा पसरला होता, आणि त्याच्या अंगावर एकाखाली एक अशा पायऱ्या उतरत होत्या.

फक्त एका चित्रात तो डोंगर होता. सातवीतल्या एका मुलीचे ते चित्र. माथा सपाट, खाली तीन पायऱ्या, मधल्या पायरीवर झुडपांची एक काळसर पट्टी. रंग मळकट झाला होता. आणि उजव्या बाजूला, जेथे डोंगराची कड खाली वळते तेथे, इतक्या वेळा खोडले होते की कागद झिजून त्याला बारीक भोक पडले होते. माझे सहपरीक्षक हसून म्हणाले, “सर, हा डोंगर आहे की ओटा? आणि कागद तर फाडूनच ठेवला आहे.” मी खिडकीकडे पाहिले. मला सर्व काही दिसले. आणि मी काही बोललो नाही. उशीर झाला होता, गाडी खाली उभी होती, मंडळींचा आग्रह होता. पहिले पारितोषिक दोन त्रिकोणांना गेले. त्या मुलीच्या चित्रावर ‘स्वच्छता नाही’ असा शेरा पडला. तो शेरा माझ्या हातचा नव्हे, पण त्याखाली सही माझीही आहे.

आता त्या ‘ओट्या’विषयी दोन शब्द. महाराष्ट्राचे डोंगर बहुतांशी टोकदार नाहीतच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर आडवे पसरले, थिजले. पुढे पाण्यापावसाने मऊ थर लवकर झिजले, कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले. म्हणून आपल्या डोंगरांना सपाट माथे आणि अंगावर पायऱ्या. ह्या खडकास भूशास्त्रज्ञ ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि हा ‘ट्रॅप’ शब्द ज्या स्वीडिश शब्दावरून आला त्याचा अर्थ जिना असा आहे. गंमत पाहा: युरोपातील भूशास्त्रज्ञाला असल्या खडकात जी पायरी दिसली, ती त्याच पायरीच्या पायथ्याशी जन्मलेल्या मुलाच्या चित्रात उतरू शकत नाही, आणि उतरली तर आम्ही सुशिक्षित परीक्षक तिला बाद करतो! हा त्रिकोण कोठून आला? छापील चित्रवहीतून आला असेल, दिनदर्शिकेवरील बर्फाच्या शिखरांवरून आला असेल. कोठून का येईना. तो मुलाच्या डोळ्यांतून आलेला नाही, एवढे खास.

कोणी म्हणेल, मुले ती; त्यांच्या खडूच्या रेघोट्यांवरून एवढे रामायण कशाला? मुलांचा दोष मी काढीतच नाही. मूल जे करते ते आपण ज्याला शाबासकी देतो ते. आणि निसर्गचित्र म्हणजे काय, ते कसे होते, ह्याविषयी आपल्या सुशिक्षित घरांत ज्या दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत, त्यांचेच हे फळ आहे. पहिली समजूत अशी की, उत्तम निसर्गचित्र म्हणजे फोटोसारखे हुबेहूब. दुसरी अशी की, खरा चित्रकार तो, जो डोंगरासमोर किंवा व्यासपीठावर उभा राहून दोन तासांत, शंभर माणसांच्या देखत, चित्र पुरे करून दाखवितो. एकीत यंत्राची पूजा आहे, दुसरीत हातचलाखीची. दोहोंतही एक गोष्ट अजिबात गळालेली आहे, आणि तीच मुख्य आहे: डोंगर आणि चित्र ह्यांच्या दरम्यान असलेली चित्रकाराची खोली.

ही खोली मी पाहिली आहे. माझे एक चित्रकार स्नेही छत्रपती संभाजीनगरात राहतात. त्यांना नावाची हौस नाही, म्हणून नाव देत नाही. एका वर्षी जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांनी ह्याच रांगेतल्या एका डोंगराचे एक चित्र केले, आणि त्या काळात आठ-पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. चित्रकाराची खोली म्हणजे उत्तरेचा मंद उजेड, रंगांचा सुवास, आणि मधोमध प्रेरणेची वाट पाहणारा दाढीवाला, अशी माझी चित्रपटांवरून झालेली कल्पना होती. प्रत्यक्षात ती खोली सुताराच्या कारखान्याला जवळची निघाली. भिंतीला टाचण्यांनी टोचलेले कागद, फरशीवर कोळशाचा चुरा, डब्यांत गढूळ पाणी, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या फळ्या.

पहिले दोन आठवडे तेथे चित्र असे काही नव्हतेच. बाहेरून आणलेल्या खिशातल्या वह्या तेवढ्या होत्या. त्यांत डोंगराची तळहाताएवढी रेखाटने, काही तर तीन-चार रेघांचीच, आणि प्रत्येकाच्या कडेला बारीक अक्षरांत टिपणे: वेळ काय, ऊन कोठून, पाऊस पडून किती वेळ झाला, पायऱ्या किती दिसतात. ‘धुके; दोनच पायऱ्या’. ‘ऊन तिरपे, चौथी उमटली’. मी विचारले, “पायऱ्या मोजून काय करायचे? त्या आहेत तितक्याच राहणार.” ते म्हणाले, “आहेत तितक्या कधीच दिसत नाहीत. मला दिसतात त्या काढायच्या आहेत.” साहित्याच्या वर्गात ह्या एका वाक्यावर मी तासभर बोलू शकलो असतो, ते मात्र पेन्सिल तासू लागले.

मग कोळसा आला. स्वस्त वर्तमानपत्री कागदाचे मोठे ताव ईझलवर लावून ते उभ्याने, खांद्यापासून हात हलवून, तोच डोंगर पुन्हा पुन्हा काढीत. एका कागदावर नुसती आडवी वजने: आकाश केवढे, डोंगर केवढा, खालचे रान केवढे. दुसऱ्यावर नुसता काळोख आणि उजेड. एकदा त्यांनी चांगले दिसणारे एक रेखाटन माझ्या डोळ्यांदेखत कापडाने पुसून टाकले. मी हळहळलो. ते म्हणाले, “तेच तर वाईट आहे, फार लवकर चांगले झाले.” कागद उलटा करून पाहणे, आरशात पाहणे, दारापर्यंत मागे जाऊन डोळे बारीक करून पाहणे, हे सारखे चाललेले असे. आणि पुष्कळसा वेळ तर काहीच न करण्यात जाई. हा रिकामा दिसणारा वेळ बाहेरच्या माणसाला मोठा अस्वस्थ करतो. घरच्या मंडळींना तर फारच करतो.

श्रावणात रंग आले, पण पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर. डोंगर हिरवा असतो हे आपण सर्वच जाणतो. त्यांच्या तुकड्यांवर तो निळसर राखाडी झाला, मग जांभळट, मग तांबूस माती आतून डोकावणारा हिरवा; आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे कोणते रंग कोणत्या प्रमाणात मिसळले ह्याची नोंद. मधेच एके दिवशी ते सर्व सोडून पुन्हा डोंगराकडे गेले, कारण मधल्या पायरीवरची झाडी खडकाला चिकटून आहे की पुढे आलेली आहे हे त्यांना आठवेना! शंभर रेखाटने जवळ असताना एका झुडपांच्या पट्टीसाठी हा गृहस्थ बसने एवढ्या लांब गेला आणि संध्याकाळी हातभर कागद घेऊन परत आला. त्यावर फक्त झुडपे होती.

मोठे चित्र नवरात्रात सुरू झाले. जाड कागद भिजवून फळीवर ताणला, कडा डिंकाच्या पट्टीने चिकटविल्या, रात्रभर वाळू दिला. पहिला कागद तिसऱ्या दिवशी रद्द झाला. दुसऱ्यावर चित्र झाले, आणि रंग देण्याचे प्रत्यक्ष काम म्हणाल तर चार सकाळींचे. जो कोणी त्या चार सकाळींतच खोलीत आला असता तो बाहेर जाऊन म्हणाला असता, काय हात आहे! चार दिवसांत डोंगर उभा केला! त्या हाताच्या मागे पाच महिने उभे होते, आणि ते पाच महिने भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आक्षेपक म्हणतील, हा एका माणसाचा हट्ट झाला. मोठमोठ्या चित्रकारांनी निसर्गासमोर बसूनच चित्रे केली नाहीत काय? ज्यांची नावे ह्या बाबतीत नेहमी घेतली जातात त्यांतले दोघे घेऊ. इंग्लंडचा कॉन्स्टेबल हा उघड्या रानाचा चित्रकार म्हणून ओळखला जातो. १८२१ आणि १८२२ ह्या वर्षांत त्याने हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून ढगांचे अभ्यास केले. त्यांतल्या अनेकांच्या मागे त्याने दिवस, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे. एखाद्या वेधशाळेच्या कारकुनाने ठेवावी तशी ही नोंद. आणि ज्या ‘हे वेन’ चित्रावरून आपण इंग्लंडचे खेडे ओळखतो, ते त्याने नदीकाठी केले नाही. लंडनमध्ये, खोलीत केले. त्यासाठी आधी त्याने मूळ चित्राएवढ्याच आकाराचे कच्चे चित्र रंगविले. आणि ती गवताची गाडी नेमकी कशी असते ह्याची खात्री पटेना तेव्हा गावाकडच्या स्नेह्याच्या मुलाकडून गाडीचे रेखाटन मागविले. १८२१ साली हे चित्र लंडनच्या प्रदर्शनात लागले तेव्हा विकले गेले नाही. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले. दुसरा मोने. त्याच्याविषयी तर अशीच समजूत आहे की, ऊन सरकण्यापूर्वी चित्र पुरे करणारा हा माणूस. परंतु रूआंच्या चर्चची त्याची चित्रमाला १८९२ व १८९३ मध्ये चर्चसमोरच्या खोल्यांतून सुरू झाली, आणि पुढे जिव्हर्नीच्या त्याच्या चित्रशाळेत तिच्यावर पुष्कळ काम होऊन १८९५ मध्ये लोकांसमोर आली. क्षणाचा चित्रकार म्हणून ज्याची ख्याती, त्याला एका क्षणासाठी वर्षे लागली.

आपल्याकडील दाखला पाहिजे तर कोल्हापूरचे अबालाल रहिमान आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला, शाहू छत्रपतींचा आश्रय लाभलेला हा कलावंत, मुंबईत नाव काढण्याचे सोडून, कोल्हापुरास परतला आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. कोटितीर्थ आणि रंकाळा ही त्यांची दोन विद्यापीठे. तेच पाणी, तोच काठ, तीच झाडे. पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला. शेजारपाजारच्या लोकांना हा माणूस वेडा वाटला असेल तर नवल नाही. एका तळ्याचे चित्र एकदा काढून झाल्यावर पुन्हा का काढावयाचे, हा प्रश्न व्यवहारी माणसाला पडणारच. अबालाल ह्यांच्या कामाचा फार मोठा भाग आज उपलब्ध नाही. शाहू महाराजांच्या निधनानंतर दुःखाच्या भरात त्यांनी स्वतःच पुष्कळ चित्रे नष्ट केली असे सांगतात. जे उरले ते मात्र सांगोवांगीचे नाही. त्यांतल्या पाण्यावरचा उजेड ज्याने पाहिला, त्याने रंकाळ्याची संध्याकाळ घड्याळ न पाहता ओळखावी.

परंतु पिशोरच्या मुलांना कोल्हापूर कशास दाखवावयाचे? त्यांच्याच डोंगररांगेत अजिंठा आहे. ज्या आडव्या थरांच्या खडकाला आम्ही ओटा म्हणून हसलो, त्याच खडकाच्या पोटात ती लेणी कोरलेली आहेत. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची लेणीही त्यातच आहेत, आणि ती अजिंठ्याच्या आरंभीच्या लेण्यांच्याच काळातली. अजिंठ्याचे आपले कौतुक बहुधा पद्मपाणीच्या डोळ्यांपाशी थांबते. पहिल्या लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहा: कमळांच्या तळ्यात हुंदडणारा हत्ती आहे, फळे आहेत, वेली आहेत. दुसऱ्या लेण्यात हंसांची एक रांग आहे. त्यांतल्या एकाची मान दुसऱ्यासारखी नाही, एकाचे पाऊल दुसऱ्यासारखे पडलेले नाही. आमच्या मुलांच्या आकाशातले ते चार एकसाची पक्षी ह्या रांगेशेजारी ठेवून पाहावेत. ज्याने हे हंस काढले त्याने हंस किती वेळ पाहिले असतील!

आणि हेही एका बैठकीत झालेले नाही. १९०९ ते १९११ ह्या काळात नंदलाल बोस आदी तरुण चित्रकारांना बरोबर घेऊन लेडी हेरिंगहॅम येथे नकला करावयास आल्या, तेव्हा त्यांनी ह्या भित्तिचित्रांची रीत न्याहाळून लिहून ठेवली. पांढऱ्या लेपावर आधी तांबड्या रेषेचे ठसठशीत रेखाटन. त्यावर हिरव्या मातीचा पातळ हात, ज्यातून तांबडी रेषा अंधूक दिसत राहते. मग एकेक रंग. आणि शेवटी काळ्या-तपकिरी रेषेने आकार पुन्हा बांधणे. म्हणजे एकच आकृती निदान दोनदा काढावयाची: एकदा शोधताना, एकदा सापडल्यावर. रंगही बहुतेक ह्याच भूमीचे. तांबडी व पिवळी माती, हिरवा खडक, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा; निळ्यासाठी तेवढा दूरदेशीचा लाजवर्दी दगड. डोंगर पाहून डोंगराच्याच मातीने रंगविणारी माणसे येथे होऊन गेली, आणि त्यांच्या वारसांना आम्ही रंगपेटीतला तयार हिरवा देऊन त्रिकोण भरावयास सांगतो.

फोटोच्या भक्तांनाही अजिंठा एक उत्तर देतो. मेजर रॉबर्ट गिल हा १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे ह्या भिंतींसमोर उभा राहून मोठमोठ्या तैलचित्रांत त्यांच्या नकला करीत होता. हाच गिल उत्तम छायाचित्रकारही होता; त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली. कॅमेरा हातात असलेला माणूस वीस वर्षे कुंचल्याने काम करीत राहिला, ते त्या वेळचा कॅमेरा रंग जाणत नव्हता म्हणून, हे खरेच. पण तेवढ्यामुळेच, असे मला वाटत नाही. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्याच्या बहुतेक नकला जळाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा आरंभिले आणि १८८५ पर्यंत हिवाळ्यामागून हिवाळे चालविले. त्यांतल्याही अनेक चित्रांना लंडनमध्ये आगच लागली! तरीही ज्या विद्यार्थ्यांनी त्या भिंतींपुढे हिवाळे काढले, त्यांच्या बोटांत जे आले ते कोणत्याही आगीत जळण्यासारखे नव्हते.

कॅमेऱ्याशी माझे वैर नाही. माझ्या स्नेह्यांच्या खिशातही मोबाईल असतो आणि ते त्याने फोटो घेतात. परंतु कॅमेरा पायऱ्या मोजीत नाही. त्याला सर्वच पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या. कोणती ठेवावयाची, कोणती धुक्यात सोडावयाची, हा निर्णय करण्यासाठी माणसाला खोलीत परत यावे लागते, डोंगर डोळ्यांसमोर नसताना त्याच्याशी झगडावे लागते. फोटो पुढ्यात ठेवून चौकोन आखून उतरविलेले चित्र मला बेइमानीचे वाटते, ते नक्कल आहे म्हणून नव्हे, तर त्यात निर्णय दुसऱ्याचा असतो म्हणून. आणि आपण दिवाणखान्यात असले चित्र टांगून पाहुण्यांना सांगतो, “जवळ जाऊन पाहा, फोटोच वाटतो!” फोटोच हवा होता तर बिचाऱ्या चित्रकाराला कशास शिणविले?

व्यासपीठावरील प्रात्यक्षिकांविषयी थोडक्यात सांगतो. ती करणाऱ्यांत खरोखरीचे कसबी लोक आहेत, आणि ज्यांनी खोलीत वर्षे काढली आहेत त्यांनी दोन तास लोकांसमोर आनंदाने रंग खेळवावा ह्यात वाईट काय? वाईट हे की, पाहणारे आई-बाप घरी जाऊन मुलाला म्हणतात, “त्यांनी दोन तासांत केले, तू सकाळपासून काय करतो आहेस?”

खरा प्रश्न येथे आहे. आपल्या घरांत चित्रकला आता येऊन-जाऊन गुणांपुरती उरली आहे. शासनाची इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून वर्ग लावावयाचे. वर्गात तयार नमुने गिरवावयाचे. ‘स्मरणचित्र’ म्हणून जे काढावयाचे ते स्वतःच्या स्मरणातले नव्हे, शिक्षकांच्या वहीतले पाठ करावयाचे! पाठ केलेले स्मरण! शिक्षकांना मी दोष देत नाही. आम्ही महाविद्यालयात काव्याचे रसग्रहण नेमके असेच पाठ करून घेतो. ‘सगळीच मुले काय चित्रकार होणार आहेत?’ असा ह्यावर नेहमीचा सवाल असतो. नाही होणार. सगळी मुले गणितीही होणार नाहीत. म्हणून त्यांना बेरीज उत्तरासकट पाठ करून यावयास कोणी सांगत नाही. उलट गणिताच्या उत्तरपत्रिकेत आपण रीत मागतो, कच्च्या कामाला जागा ठेवतो, नुसते उत्तर लिहिणाऱ्यावर संशय घेतो. चित्राच्या बाबतीत मात्र रीत दिसली, खोडलेले दिसले, कागद झिजलेला दिसला, की लगेच ‘स्वच्छता नाही’.

इंदूरचे विष्णु चिंचाळकर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, वाळलेले पान, मुळी, झाडाची साल असल्या टाकाऊ वस्तूंत आकार पाहावयास मुलांना आणि मोठ्यांना शिकवीत राहिले. त्यांचे हे शिकविणे कोणत्याही गुणपत्रिकेत मावणारे नव्हते. आणि ह्याच भागाची साक्ष काढावयाची तर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर आहेत. १९६७ साली ‘रानातल्या कविता’ निघाल्या तेव्हा मराठी वाचकाने ते रान, ती पिके, तो पाऊस आपला म्हणून ओळखला. त्या कवितेत कोणी नारळ शोधावयास गेले नाही. कवितेच्या बाबतीत जे आपल्याला कळले ते चित्राच्या बाबतीत कळू नये, ह्याचे कारण एवढेच की, कविता आपण निदान वाचतो. चित्राकडे आपण चहाच्या कपावरून पाहतो.

त्या मुलीच्या चित्रातले भोक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या स्नेह्यांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “भोक कोठे पडले होते? माथ्यावर, की कड वळते तेथे?” मी म्हणालो, “कड वळते तेथे.” ते म्हणाले, “तेथेच पडायला हवे. मीही तेथेच अडलो होतो.” मग त्यांनी भिंतीकडची एक फळी फिरवून मला तो रद्द केलेला पहिला कागद दाखविला. उजव्या बाजूला, नेमका त्याच ठिकाणी, रंग धुऊन धुऊन कागदाचे तंतू वर आले होते. पाच महिन्यांचा अनुभवी हात आणि सातवीतल्या मुलीचे खोडरबर एकाच वळणावर झिजले होते. तिला चित्रशाळा नव्हती. परीक्षेचा तो एक कागद हीच तिची चित्रशाळा होती, आणि ती आम्ही अस्वच्छ ठरविली.

ते चित्र मिळावे म्हणून मी पुढे पत्र लिहिले. बक्षीसपात्र चित्रे तेवढी जपून ठेवली आहेत, बाकीची निकालानंतर काढून टाकण्यात आली, असे उत्तर आले. मुलीचे नाव मी टिपून घेतलेले नव्हते. यादीत क्रमांकच होते.

ह्या वर्षी स्पर्धेचे निमंत्रण पुन्हा आले आहे. मी दोन अटी कळविल्या. मुलांना आधी दोन तास पटांगणात डोंगराकडे तोंड करून बसवावे. आणि प्रत्येक चित्राबरोबर त्याची निदान तीन कच्ची रेखाटने, खाडाखोड असेल तशी, जोडून पाठवावीत, म्हणजे गुण त्यांनाही देता येतील. उत्तर नम्र आहे. परीक्षा जवळ आल्यामुळे दोन तास बाहेर बसविणे शक्य होणार नाही; कच्च्या कागदांचा विषय मात्र समितीपुढे ठेवण्यात येईल, असे त्यात म्हटले आहे. समितीची बैठक पुढील आठवड्यात आहे.